गप्प बसण्याचे सेटिंग

टर्मिनल, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे दाखवणारी आणि माउसला फारसे न जुमानणारी संगणकावरील ती खिडकी, दृष्टिहीन माणसाला फार सोयीची असली पाहिजे, असे एक मत डोळस लोकांत प्रचलित आहे; ते मांडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती खिडकी डोळे मिटून कधी वापरून पाहिलेली नसते. या मतामागचा तर्क सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो. टर्मिनलमध्ये चित्रे नाहीत, बटणे नाहीत, जाहिराती नाहीत, मधेच उडी मारून समोर उभी राहणारी चौकट नाही. जे आहे तो निव्वळ मजकूर आहे, जे करायचे ते आज्ञा टंकून करायचे आहे, आणि पडद्यावरील मजकूर कृत्रिम आवाजात वाचून दाखवणे हेच तर स्क्रीन रीडर नावाच्या प्रोग्रॅमचे काम आहे. तेव्हा हा प्रोग्रॅम चालू करावा, कानाला हेडफोन लावावा आणि कामाला लागावे, यापलीकडे या विषयात काही उरत नाही, असे वाटणे स्वाभाविक असले तरी प्रत्यक्षात जे उरते, ते निस्तरण्यात पहिला आठवडा कुठे गेला ते कळत नाही.

या अडचणीचे मूळ टर्मिनलच्या वंशावळीत सापडते. या घराण्याचा मूळ पुरुष टेलिप्रिंटर. कागदाच्या गुंडाळीवर एकामागून एक ओळ खडखडत छापत जाणाऱ्या त्या यंत्राला छापलेली ओळ पुसता येत नसे, आणि म्हणूनच, तेव्हा कुणाच्या ध्यानात आले नसले तरी, ते कानाच्या स्वभावाला अगदी धरून होते, कारण बोलणेही असेच एका दिशेने पुढे जाते आणि उच्चारलेला शब्द मागे घेता येत नाही. (राजकारणात घेता येतो, पण तो निराळा विषय आहे.) पुढे कागद जाऊन काच आली. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने व्हीटी १०० हे टर्मिनल बाजारात आणले, त्याच्या पडद्यावर ८० स्तंभ आणि २४ ओळी मावत, आणि त्यातले ८० हेदेखील आयबीएमच्या १९२८ सालच्या छिद्रांच्या कार्डावरून वारसाहक्काने आलेले होते. आता कर्सर पडद्यावर कुठेही जाऊन लिहू शकत होता, लिहिलेले खोडू शकत होता, कोपऱ्यात घड्याळ आणि तळाशी पट्टी काढू शकत होता. डोळ्यांची चैन झाली. स्क्रीन रीडरच्या हाती मात्र आली ती १,९२० घरे, आणि त्यांतले कोणते अक्षर कोणत्या अक्षराचे नातलग, हे त्याला कुणीच सांगेना. पडदा मधोमध विभागून डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरी फाइल उघडली, की डोळस माणसाला मधली रेघ दिसते. स्क्रीन रीडर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वाचतो, आणि डावीकडच्या अर्ध्या वाक्याला उजवीकडचे अर्धे वाक्य चिकटून जो मजकूर सिद्ध होतो, त्याला नवकवितेत जागा मिळू शकली तरी त्याच्या आधारे प्रोग्रॅम दुरुस्त करता येत नाही.

कात्रजहून शिवाजीनगरकडे निघालेल्या पीएमपीच्या बसमध्ये खिडकीशी बसलेला एखादा परगावचा पाहुणा वाटेवरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत जातो, ‘येथे वाहने लावू नयेत’, ‘आमची कोठेही शाखा नाही’, ‘ब्लाउज एका दिवसात शिवून मिळेल’. त्याच्या वाचनात एकही चूक नसते, फक्त स्वारगेट आले हे तो सांगत नाही, कारण ती पाटी बसच्या दुसऱ्या बाजूला असते. नुकताच बसवलेला स्क्रीन रीडर हा असा पाहुणा असतो. त्यामुळे टर्मिनलसाठी स्क्रीन रीडर लावून घेणे याचा व्यवहारातला अर्थ त्याला बोलते करणे असा होत नाही, कारण बोलायला तो पहिल्या मिनिटापासून तयारच असतो. त्याला कुठे गप्प बसायचे ते शिकवणे, हेच ते काम. ज्या शहरात दुपारी एक ते चार या वेळात जगाने गप्प बसावे अशी अपेक्षा उघडपणे बाळगली जाते, त्या शहराला हा विषय उपरा वाटण्याचे कारण नाही.

आणि या प्रश्नाला सर्वांत मूलगामी उत्तर देणारा माणूस पुण्याचाच निघावा, हा योगायोग मानायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या पुण्याभिमानावर अवलंबून आहे. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ साली पुण्यात झाला. काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. त्यानंतर त्यांनी नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेतली, मुंबईच्या आयआयटीतून गणित आणि संगणकशास्त्र या विषयांत एम.एस्सी. केले आणि १९९४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. प्रबंधाचा विषय होता गणिती मजकूर ऐकवणारी ॲस्टर ही प्रणाली. कागदावर घातांक जसा ओळीच्या वर चढून बसतो, तसा या प्रणालीत घातांक आला की आवाज वरच्या पट्टीत चढतो, म्हणजे ‘वर’ हा शब्द न उच्चारता वर असल्याचे कळते. त्यांच्या मार्गदर्शक श्वानाचे नावही ॲस्टरच होते, आणि श्वानांविषयीची ही कृतज्ञता पुढेही टिकून राहिली, कारण रामन यांच्या पुढच्या प्रोग्रॅमच्या आवृत्त्यांना दिलेल्या नावांच्या शेवटी नियमाने ‘डॉग’ येतो; टाळेबंदीच्या वर्षात, म्हणजे २०२० साली आलेल्या आवृत्तीचे नाव ‘वर्क ॲट होम डॉग’ असे होते.

हा पुढचा प्रोग्रॅम म्हणजे १९९५ साली प्रसिद्ध झालेला इमॅक्सस्पीक. तो इमॅक्सच्या पोटात राहतो, आणि इमॅक्स हा नावापुरता मजकूर संपादित करण्याचा प्रोग्रॅम असला तरी त्यात टपाल आहे, दिनदर्शिका आहे, फायलींची व्यवस्था आहे, टर्मिनल आहे, आणि या सर्वांमुळे मनःस्वास्थ्य बिघडल्यास टंकलेल्या तक्रारी ऐकून घेऊन उलट प्रश्न विचारणारा एक यांत्रिक डॉक्टरही आहे. रामन यांचा मुद्दा असा, की पडदा वाचायचाच कशाला? पडदा हा मधला दलाल आहे; ज्या प्रोग्रॅमला मजकुराचा अर्थ ठाऊक आहे, त्यालाच बोलू द्यावे. दिनदर्शिकेत कर्सर एखाद्या तारखेवर नेला, की साधा स्क्रीन रीडर त्या चौकटीत जे लिहिलेले असते ते, म्हणजे ‘बारा’ एवढेच वाचतो, आणि कोणत्या महिन्याची बारा, कोणता वार, हे ऐकणाऱ्याने रकान्याच्या डोक्यावर जाऊन शोधावे अशी अपेक्षा करतो. इमॅक्सस्पीक मात्र वार, महिना, वर्ष असे सगळे एका वाक्यात सांगतो, कारण तो चौकटीकडे न बघता दिनदर्शिकेलाच विचारतो. यासाठी त्यांनी लिस्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतील ‘ॲडव्हाइस’ नावाच्या सोयीचा उपयोग केला; या सोयीने दुसऱ्याने लिहिलेल्या कामाला हात न लावता त्याच्या आधी किंवा नंतर आपले चार शब्द जोडता येतात. मूळ काम बदलायचे नाही, पण आपला सल्ला मात्र द्यायचाच, ही पद्धत शोधायला लिस्प भाषेची गरज होती, असे पुण्याच्या काही पेठांतून वाटणार नाही.

शिवाय प्रोग्रॅममधील शेरे एका आवाजात, अवतरणातील मजकूर दुसऱ्या आवाजात, आणि फाइल उघडली, बंद झाली, साठवली गेली, यांसाठी शब्दांऐवजी छोटे छोटे ध्वनी, अशी ही व्यवस्था आहे. डोळसांना रंगांनी जे कळते, ते इथे स्वरांनी कळते. एवढे सगळे असूनही इमॅक्सस्पीक घरोघरी का पोहोचला नाही, याचे कारण उघड आहे. तो वापरण्यासाठी प्रथम इमॅक्स शिकावा लागतो, आणि आपला इमॅक्स शिकून झाला, असे आजवर कुणी म्हटल्याचे प्रसिद्ध नाही.

म्हणून बाकीचा समाज साध्या स्क्रीन रीडरकडे वळतो. त्यांपैकी जॉज हा १९८९ साली डॉसच्या काळात टेड हेंटर यांनी आणला. हे गृहस्थ मूळचे मोटारसायकल शर्यतींतले, अपघातात दृष्टी गेल्यावर संगणकाकडे वळलेले. एनव्हीडीए हा ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी २००६ साली सुरू केला, आणि तो फुकट असल्याने पुण्यात त्याची शिफारस करताना कुणालाही संकोच वाटत नाही. लिनक्सच्या चित्रमय पडद्यासाठी ओर्का आहे, तर नुसत्या काळ्या पडद्यासाठी थेट कर्नलमध्ये, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यातच बसणारा स्पीकअप आहे.

यांपैकी कोणताही घेतला तरी पहिला झगडा विरामचिन्हांशी होतो. स्क्रीन रीडरची मूळ सेटिंगे पत्रे, बातम्या आणि कादंबऱ्या वाचण्याच्या हिशेबाने केलेली असल्यामुळे स्वल्पविराम, डॅश आणि अवतरणचिन्हे मोठ्याने उच्चारू नयेत, एवढे शहाणपण त्याच्यात आधीपासून असते. टर्मिनलमध्ये मात्र तेच शहाणपण अंगाशी येते, कारण तिथे सगळा अर्थ चिन्हांतच साठलेला असतो आणि दोन आज्ञांच्या मधली उभी रेघ ऐकू आली नाही, तर आज्ञेचे काय झाले ते कळत नाही. म्हणून विरामचिन्हांची पातळी ‘सर्व’ यावर न्यावी लागते, आणि ती तिथे नेली, की एकेका फाइलची माहिती देणारी, डोळ्यांनी क्षणात ओलांडली जाणारी ओळ ‘डॅश आर डब्ल्यू डॅश आर डॅश डॅश आर डॅश डॅश’ अशी सुरू होऊन फाइलच्या नावापर्यंत पोहोचेपर्यंत ऐकणाऱ्याला ती फाइल कशाला हवी होती याचे विस्मरण होते. यावर एनव्हीडीएत एक चांगला तोडगा आहे: टर्मिनलपुरती एक स्वतंत्र प्रोफाइल, म्हणजे सेटिंगांचा वेगळा संच, करून ठेवता येते, आणि मग टर्मिनलमध्ये शिरताच सगळी चिन्हे बोलू लागतात व बाहेर पडताच गप्प होतात.

पण सर्व चिन्हे बोलू लागली तरी एक गोष्ट बोलत नाही, ती म्हणजे मोकळी जागा. आरएम ही फायली पुसण्याची आज्ञा आहे, आणि तिच्यापुढे डॅश आरएफ जोडले की ती काही न विचारता पुसते. आता ‘बिल्ड स्लॅश स्टार’ असे लिहिले, तर बिल्ड नावाच्या फोल्डरमधील फायली जातात. परंतु बिल्ड या शब्दानंतर अंगठा चुकून स्पेसबारला लागला, तर तीच आज्ञा बिल्ड हे फोल्डर आणि त्याशिवाय संगणकाच्या मुळापासून असलेले सर्व काही पुसून टाका, अशी होते, आणि ती पूर्ण अधिकाराने दिलेली असेल तर अमलातही येते. दोन्ही आज्ञा कानाला ‘बिल्ड स्लॅश स्टार’ अशाच ऐकू येतात. डोळसाला ती फट निदान दिसण्याची शक्यता असते. म्हणून जाणते वापरकर्ते एंटर दाबण्यापूर्वी की-बोर्डाच्या उजवीकडील आकड्यांच्या भागातील एक, दोन आणि तीन या कळांनी ओळ अक्षराअक्षराने तपासतात, कारण अक्षराअक्षराने जाताना ‘स्पेस’ हा शब्द उच्चारला जातो. आरएमच्या बाबतीत ही सवय अतिरेकी समजणाऱ्यांनी आपल्या सगळ्या फायली एकदा तरी गमावलेल्या असतात, असे नाही. पण त्यांची वेळ अजून आलेली नसते.

यानंतरचा विषय प्रॉम्प्टचा. प्रॉम्प्ट म्हणजे ‘सांगा, काय करू?’ अशा अर्थाने टर्मिनल आज्ञेच्या प्रत्येक ओळीच्या आरंभी जे लिहून ठेवते ते. आणि त्यात वापरणाऱ्याचे नाव, ॲट, यंत्राचे नाव, कोलन, टिल्ड, स्लॅश, फोल्डर, त्याच्या आतले फोल्डर आणि शेवटी डॉलर एवढा ऐवज असतो. साध्या कामातही काही मिनिटांत वीस-पंचवीस वेळा प्रॉम्प्ट येतो, म्हणजे आपण कोण आणि आपण कुठे बसलो आहोत, हे माणसाला वीस-पंचवीस वेळा ऐकवले जाते; तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला याचा उपयोग होईल, पण बाकीचे लोक सेटिंगच्या फायलीत जाऊन हा सगळा लवाजमा एका चिन्हावर आणून ठेवतात आणि आपण कुठे आहोत हे विसरल्यास पीडब्ल्यूडी ही आज्ञा देऊन विचारतात. (महाराष्ट्रात या तीन अक्षरांचे एक खाते रस्त्यांशी संबंधित आहे, तेही आपण नेमके कुठे आहोत याची जाणीव करून देते, पण न विचारता.) दूरच्या सर्व्हरवर प्रवेश केला, की उबंटूसारखी प्रणाली स्वागत, कागदपत्रांचे पत्ते, यंत्रावरचा भार, स्मृतीची टक्केवारी आणि थकलेल्या अपडेटांची संख्या असे नमनाला घडाभर तेल ओतते. या तेलाला आवर घालण्याची रीत मोठी रमणीय आहे: आपल्या फोल्डरमध्ये ‘डॉट हशलॉगिन’ या नावाची एक फाइल तयार करायची. त्या फायलीत काही लिहायचे नसते. ती नुसती आहे एवढे पाहूनच प्रणाली स्वागत आवरते घेते.

प्रगतिपट्टी हा मात्र खरा छळ आहे. चित्रमय पडद्यावर एखादे काम किती झाले हे दाखवणारी पट्टी असेल, तर एनव्हीडीए ती ओळखतो आणि टक्केवारीबरोबर चढत जाणारे सूर वाजवतो. काम शंभरापर्यंत पोहोचेस्तोवर कानाला ते आपोआप कळते. टर्मिनलमध्ये तीच पट्टी बरोबरच्या चिन्हांची रांग लावून काढलेली असते, त्यामुळे ती पट्टी आहे हे स्क्रीन रीडरला कळण्याचा मार्गच नसतो. तो आपला प्रामाणिकपणे मोजून सांगतो, ‘सदतीस इक्वल्स’, मग ‘अडतीस इक्वल्स’. काही प्रोग्रॅम पट्टीऐवजी भिंगरी फिरवतात, आणि ही भिंगरी म्हणजे एकाच घरात पाळीपाळीने येणारी तिरकी रेघ, आडवी रेघ, उलटी तिरकी रेघ आणि उभी रेघ असते. तेव्हा ‘स्लॅश, डॅश, बॅकस्लॅश, बार’ हे चरण संपले, की हरदासाची कथा मूळपदावर येऊन पुन्हा ‘स्लॅश’. कंट्रोल दाबला की बोलणे थांबते, पण भिंगरी थांबत नाही. एनव्हीडीएच्या कळीबरोबर पाच हा आकडा दाबला, तर पडद्यावर आपोआप येणारे नवे काहीच तो वाचत नाही. मग जे हवे होते तेही येऊन निघून जाते. त्याहून बरे म्हणजे आज्ञेलाच ‘गुपचूप कर’ अशा अर्थाचा डॅश क्यू जोडणे, किंवा सगळे आउटपुट एका फायलीत वळवून ती फाइल निवांत वाचणे, किंवा टर्म नावाच्या चलाचे मूल्य बदलून, या टर्मिनलला रंग येत नाहीत, कर्सर हलवता येत नाही, काहीच येत नाही, असे प्रोग्रॅमला बेधडक खोटे सांगणे. हे खोटे ऐकल्यावर अनेक प्रोग्रॅम सुतासारखे सरळ येतात आणि टेलिप्रिंटरच्या काळातल्यासारखी एकेक ओळ लिहू लागतात.

याच्या नेमकी उलट अडचण युनिक्स या प्रणालीच्या अबोलपणातून उद्भवते. फाइल हलवण्याची, नक्कल करण्याची किंवा पुसण्याची आज्ञा यशस्वी झाली, तर युनिक्स काहीही बोलत नाही. तक्रार असेल तरच तोंड उघडायचे, हा त्याचा बाणा आहे. डोळसाला पुन्हा आलेला प्रॉम्प्ट दिसतो. ऐकणाऱ्याने प्रॉम्प्ट तर आधीच एका चिन्हावर आणून ठेवलेला असल्याने त्याला शांतता ऐकू येते, आणि त्या शांततेचे तीन अर्थ संभवतात: काम झाले आहे, काम अजून चालू आहे, किंवा स्क्रीन रीडरच बंद पडला आहे. मौनं सर्वार्थसाधनम् हे वचन इथे लागू पडत नाही. उपाय जुनाच आहे. टेलिप्रिंटरच्या काळी पलीकडच्या माणसाचे लक्ष वेधण्यासाठी यंत्रातली घंटा वाजवण्याचा संकेत होता, त्याला आस्की संकेतावलीत सातवा क्रमांक मिळाला आणि तो आजही शाबूत आहे. तो प्रॉम्प्टमध्ये घालून ठेवला, की प्रत्येक काम संपल्यावर टण असा आवाज होतो. टेलिप्रिंटर जाऊन कित्येक दशके लोटली, तरी घंटेवाचून चालत नाही.

वेगाविषयी थोडे. ईस्पीक हा एनव्हीडीएबरोबर येणारा आवाज मिनिटाला १७५ शब्द या वेगाने सुरू होतो, आणि सरावलेले कान त्याला चारशेच्या घरात नेतात. आकाशवाणीच्या बातम्यांवर पोसलेल्या घरातल्या मंडळींना तो आवाज ऐकून यंत्र बिघडले असावे अशी खात्री पटते. कोथरूडच्या एखाद्या फ्लॅटमध्ये आजी दारातून डोकावून ‘अरे, ते काय अडकलंय बघ जरा’ असे सुचवून जाते, आणि नातू ‘आजी, ते वाचतंय’ असे सांगतो, तेव्हा तिची काळजी यंत्रावरून नातवाकडे वळते. एवढ्या महागाच्या लॅपटॉपला माणसासारखा आवाज का असू नये, हा प्रश्नही पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारतेच. मानवी वाटणारे आवाज उपलब्ध आहेत; पण ते फार पळवले की शब्द एकमेकांत मिसळतात, आणि ईस्पीकसारखा गणिताने घडवलेला, भावनाशून्य, किंचित नाकातला आवाज मात्र कितीही पळवला तरी व्यंजने चाखून बोलतो. हिंजवडीतल्या कार्यालयात हेडफोन अनिवार्य ठरतो तो निराळ्याच कारणाने. टर्मिनलमध्ये पासवर्ड टंकताना पडद्यावर सहसा काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. आणि टंकलेले प्रत्येक अक्षर उच्चारण्याचे सेटिंग चालू असेल, तर जे पडद्याने लपवले ते आवाजाने जाहीर होण्याचा धोका असतो. एनव्हीडीए यावर युक्ती करतो: टंकलेले अक्षर पडद्यावर खरोखर उमटते की नाही हे पाहण्यासाठी तो क्षणभर थांबतो, आणि उमटले नाही तर काहीतरी खासगी चालले आहे असे समजून गप्प राहतो. एवढा समंजसपणा शेजारच्या टेबलावर दिसेलच असे नाही. पासवर्ड मोठ्याने ऐकायचेच असतील, तर तशी सोय सेटिंगांत मुद्दाम ठेवलेली आहे, ती कुणासाठी, हे विचारू नये.

मराठीच्या बाबतीत टर्मिनलने एक उलटा न्याय केलेला आहे. अक्षरागणिक एक घर, या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षर बसत नाही, त्यामुळे अनेक टर्मिनलांत देवनागरी फाइलनावांची अक्षरे फुटतात, वेलांट्या शेजाऱ्याच्या अंगावर जाऊन पडतात आणि डोळस मराठी माणसाला स्वतःच्याच फायलीचे नाव वाचता येत नाही. आतला युनिकोड मात्र शाबूत असतो, आणि स्क्रीन रीडरचा मराठी आवाज ते नाव स्वच्छ वाचतो. ईस्पीकला मराठी येते. गोची एवढीच, की टर्मिनलमधील मजकुराला भाषेची खूण नसते, म्हणून मराठी आवाज ठेवला तर आज्ञा मराठी वळणाने कानावर येतात आणि इंग्रजी आवाज ठेवला तर देवनागरीची वाट लागते. दोन्ही भाषांत ऐकणाऱ्याला बोटाने आवाज बदलत राहावे लागते.

आता मुळाशी असलेला प्रश्न: जे यंत्र अजून बोलत नाही, त्याला बोलते करण्याची सेटिंगे न पाहता करायची कशी? डेबियन या लिनक्सच्या वितरणाने याला नेटके उत्तर दिले आहे. त्याची प्रतिष्ठापना सुरू होताना यंत्र बीप करते. तो आवाज आला, की एस हे अक्षर आणि एंटर दाबायचे, आणि पुढची सारी प्रश्नावली ऐकू येऊ लागते. खरी परीक्षा नंतर, एखाद्या अपडेटमध्ये ध्वनीची व्यवस्था बिघडली की होते. डोळसाच्या यंत्रातला आवाज गेला तर गाणी बंद होतात. इथे आवाजाबरोबर पडदाही जातो, आणि बिघाड काय आहे हे सांगणारा संदेश त्याच पडद्यावर, वाचला न जाता, व्यवस्थित लिहिलेला असतो.

अशा वेळी ब्रेल उपयोगी पडते. कोरेगाव पार्कातल्या मुलांच्या आणि कोथरूडच्या मुलींच्या अंधशाळेत पाटी आणि टोच्याने गिरवले जाणारे ब्रेल सहा ठिपक्यांचे असते, आणि सहा ठिपक्यांतून ६३ खुणा होतात. संगणकाची सगळी चिन्हे त्यांत मावत नसल्याने तिथे आठ ठिपके लागतात. ब्रेल डिस्प्ले या पट्टीवर हे ठिपके वर-खाली होऊन ओळ बोटांखाली येते, मोकळी जागाही मोकळीच लागते आणि आरएमची भीती बरीच कमी होते. तथापि ४० घरांचा डिस्प्ले घ्यायचा तर लाखाच्या पुढचा आकडा ऐकावा लागतो, आणि ८० स्तंभांची ओळ त्यावर दोन खेपांत वाचावी लागते.

लिनक्सला या डिस्प्लेशी जोडणारा प्रोग्रॅम म्हणजे बीआरएलटीटीवाय. तो १९९५ पासून आहे, आणि यूएसबीला ब्रेल डिस्प्ले लागला आहे असे वाटताच धावत जाऊन त्याचा ताबा घेतो, कारण ज्याला पडदा दिसत नाही त्याला ताबा घ्यायला सांगता येणार नाही, हे त्याच्या कर्त्यांनी जाणले होते. २०२२ साली उबंटूची २२.०४ ही आवृत्ती आली, तेव्हा या तत्परतेचे वेगळेच फळ मिळाले. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या स्वस्त आर्डुइनो बोर्डांवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टांत लागणाऱ्या छोट्या सर्किट-पट्ट्यांवर, सीएच ३४० नावाची एक चिप असते; तिचा ओळखक्रमांक आणि एका ब्रेल उपकरणाचा ओळखक्रमांक एकच असल्याने, प्रोजेक्टची तारीख डोक्यावर आलेल्या विद्यार्थ्याने बोर्ड जोडला, की बीआरएलटीटीवाय तो ब्रेल डिस्प्ले समजून आपल्याकडे घेई आणि विद्यार्थ्याचा पोर्ट दिसतो न दिसतो तोच नाहीसा होई. लिनक्समध्ये ब्रेलची काही सोय असते, ही गोष्ट अशा रीतीने ज्या अनेकांना प्रथम कळली, त्यांना ती ही सोय काढून टाकण्याच्या आज्ञेसकट कळली. ती आज्ञा दिल्यावर टर्मिनल काय काय काढले जाणार आहे याची यादी देते, किती जागा मोकळी होईल ते सांगते, पुढे जायचे का असे विचारते आणि वाय की एन याची वाट पाहत थांबते. डोळे शाबूत असलेला विद्यार्थी त्यातले काहीही न वाचता वाय दाबतो.